अँड्रॉइडची साधने बसवताना बिघडलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स कशी दुरुस्त करावीत

सांगली, मिरज आणि इस्लामपूर परिसरातील महाविद्यालयांत मोबाइल ॲप शिकू लागलेल्या अनेक विद्यार्थ्यांचे काम पहिल्याच आठवड्यात अडते, आणि ते कोडमुळे अडत नाही. अँड्रॉइड स्टुडिओ हा ॲप तयार करण्याचा प्रोग्रॅम बसवून झालेला असतो, सांगलीच्या बाजारातील हळदीचे दर दाखवणारे किंवा तासगावकडच्या द्राक्षबागेतील फवारण्यांची नोंद ठेवणारे छोटे ॲप करायचे ठरलेले असते; मात्र टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, पहिली आज्ञा देताच ‘जावा होम इज सेट टू ॲन इनव्हॅलिड डिरेक्टरी’ किंवा ‘एसडीके लोकेशन नॉट फाउंड’ अशी ओळ समोर येते. मग एक व्हिडिओ पाहून एखादे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमना वाचता यावी म्हणून संगणकात एका नावाने साठवलेली किंमत) जोडले जाते, त्याने भागले नाही म्हणून दुसऱ्या व्हिडिओतील आणखी एक जोडले जाते, आणि अखेरीस कोणता प्रोग्रॅम कोणती किंमत कोठून वाचतो आहे हे कोणालाच सांगता येत नाही. येथे दिलेला क्रम त्याच्या उलट आहे: सध्या काय आहे ते आधी पाहायचे, चुकीचे ते काढायचे आणि नवीन काही जोडायचे असेल तर ते सर्वांत शेवटी जोडायचे.

एक सूचना आधीच करून ठेवतो. या लेखात आज्ञा, व्हेरिएबलची नावे आणि फोल्डरचे पत्ते देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते सर्व इंग्रजी अक्षरांतच लिहायचे आहेत. जावा_होम, अँड्रॉइड_होम आणि पाथ ही नावे मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत आणि जेथे अंडरस्कोर दाखवला आहे तेथे तो टाकावा. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक जाणवत नाही, पण मॅक आणि लिनक्सवर तो जाणवतो.

कोणते व्हेरिएबल कशासाठी

अँड्रॉइडच्या कामात नवख्याला तीनच व्हेरिएबल्सशी खरा संबंध येतो. जावा_होम हे जेडीके (जावा भाषेच्या साधनांचा संच) ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता सांगते. ग्रेडल हे ॲप बांधणारे साधन तो पत्ता वाचते. अँड्रॉइड_होम हे अँड्रॉइड एसडीकेच्या, म्हणजे अँड्रॉइड ॲप बांधण्याच्या साधनसंचाच्या, मुख्य फोल्डरचा पत्ता सांगते. पाथ ही मात्र एका पत्त्याची नव्हे, तर अनेक फोल्डरांची यादी असते आणि आपण ‘जावा’ किंवा ‘एडीबी’ (संगणकावरून फोनशी बोलणारे साधन) एवढेच टाइप केले की त्या नावाची फाइल या यादीत वरून खाली शोधली जाते. जेथे ती प्रथम सापडते तेथेच शोध थांबतो. गावात पाटलांची दहा घरे असावीत आणि पोस्टमनने पहिल्याच दारात पत्र टाकून पुढे निघावे, तसा हा प्रकार आहे. पत्र दुसऱ्या पाटलांचे होते, हे त्याच्या लेखी नसतेच.

जुन्या लेखांत अँड्रॉइड_एसडीके_रूट असे चौथे नाव आढळते. ते आता कालबाह्य ठरवलेले असून अँड्रॉइड_होम हेच वापरावे असे अधिकृत दस्तऐवज सांगतात. दोन्ही ठेवायचीच असतील तर दोहोंत एकच पत्ता असला पाहिजे. दोन वेगळे पत्ते असल्यास निरनिराळी साधने निरनिराळ्या एसडीकेकडे पाहतात आणि त्यातून उद्भवणारे दोष शोधणे फार कष्टाचे होते. ते जुने नाव काढून टाकावे, असे माझे मत आहे.

पहिली पायरी: काहीही न बदलता पाहणे

विंडोजवर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि ‘इको %जावा_होम%’ ही आज्ञा द्यावी. पत्ता दिसला तर तो वहीत उतरवून घ्यावा. टक्केचिन्हांसह तेच नाव परत छापले गेले तर ते व्हेरिएबल अस्तित्वातच नाही, असे समजावे. हीच आज्ञा पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये दिल्यास व्हेरिएबल व्यवस्थित असतानाही तेच नाव परत येते, कारण पॉवरशेलला टक्केचिन्हांची ही पद्धत समजत नाही. तेथे ‘$एन्व्ह:जावा_होम’ असे लिहावे लागते. आपण नेमक्या कोणत्या खिडकीत बसलो आहोत हे न पाहिल्यामुळे व्यवस्थित असलेली किंमत पुन्हा पुन्हा भरत राहणारे विद्यार्थी कमी नाहीत.

त्यानंतर ‘व्हेअर जावा’ आणि ‘व्हेअर एडीबी’ या आज्ञा द्याव्यात. पाथमध्ये त्या नावाच्या जितक्या प्रती सापडतात तितक्या ओळी दिसतात आणि वापरली जाते ती पहिल्या ओळीतील प्रत. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’ हे एका निराळ्याच आज्ञेचे टोपणनाव असल्याने ‘व्हेअर.ईएक्सई’ असे पूर्ण नाव द्यावे. मॅक आणि लिनक्सवर ‘विच -ए जावा’ ही आज्ञा तेच काम करते.

शेवटी ‘जावा -व्हर्शन’ ही आज्ञा द्यावी आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘ग्रेडलडब्ल्यू -व्हर्शन’ ही आज्ञा द्यावी (ग्रेडलडब्ल्यू ही प्रोजेक्टमधील ग्रेडल चालवणारी फाइल). दुसऱ्या आज्ञेच्या उत्तरात ग्रेडल कोणत्या जावावर चालते ते सांगणारी जेव्हीएमची ओळ असते, ती महत्त्वाची आहे. या दोन आज्ञांनी जावाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या दाखवल्या तर गोंधळून जाऊ नये. उलट दोष कोठे आहे ते तेथेच कळले, असे समजावे. कारण पहिली आज्ञा पाथमधून जावा शोधते, तर ग्रेडलची फाइल आधी जावा_होम पाहते आणि ते नसेल तरच पाथकडे वळते.

विंडोजमधील दोन विभाग

विंडोजमध्ये व्हेरिएबल्सचे दोन विभाग असतात. वरचा विभाग त्या वापरकर्त्याचा आणि खालचा संपूर्ण संगणकाचा असतो. जावा_होम दोन्ही विभागांत असेल तर वापरकर्त्याच्या विभागातील किंमत चालते. पाथच्या बाबतीत मात्र दोन्ही याद्या जोडल्या जातात, आणि संगणकाची यादी आधी व वापरकर्त्याची नंतर येते. नवख्यांच्या निम्म्या गोंधळाचे मूळ या फरकात आहे, असे म्हणायला हरकत नाही. समजा, पहिल्या वर्षी अभ्यासक्रमासाठी जावा 8 बसवले होते आणि त्या इन्स्टॉलरने संगणकाच्या पाथमध्ये ‘ओरॅकल\जावा\जावापाथ’ हे फोल्डर घालून ठेवले आहे. आता आपण आपल्या विभागातील जावा_होम बदलून जेडीके 17 कडे वळवले आणि आपल्याच पाथमध्ये त्याचे ‘बिन’ (चालवायच्या फाइली असलेले) फोल्डर घातले, तरी ‘जावा -व्हर्शन’ ही आज्ञा 1.8 हेच उत्तर देत राहते. (जावा 8 स्वतःची ओळख 1.8 अशी सांगते. ती वेगळी आवृत्ती नव्हे.) अशा वेळी ग्रेडल मात्र जावा_होम वाचून बिनतक्रार चालते. टर्मिनलमधील जावाही बदलायचे असेल तर जुन्या जावाची गरज आहे का ते पाहून ते काढून टाकावे, किंवा संगणकाच्या पाथमध्ये नवीन ‘बिन’ची नोंद घालून ती वर सरकवावी.

महाविद्यालयाच्या लॅबमधील संगणकांवर विद्यार्थ्यांना प्रशासकाचे अधिकार बहुधा नसतात. तेथे स्टार्टमध्ये ‘एन्व्ह’ टाइप केल्यावर दिसणाऱ्या दोन पर्यायांपैकी ‘एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट’ हा पर्याय निवडावा. त्याला पासवर्ड लागत नाही. जावा_होम आणि अँड्रॉइड_होम आपल्याच विभागात ठेवल्याने लॅबमधील इतरांच्या कामात व्यत्ययही येत नाही.

दुसरी पायरी: पाथची नक्कल ठेवणे

पाथमध्ये हात घालण्यापूर्वी तो जसा आहे तसा कोठेतरी उतरवून ठेवावा. पाथ संपादित करण्याच्या खिडकीत ‘एडिट टेक्स्ट’ असे बटण असते. ते दाबल्यावर संपूर्ण यादी एका ओळीत दिसते आणि ती नोटपॅडमध्ये चिकटवून जतन करता येते. दोन्ही विभागांसाठी हे स्वतंत्रपणे करावे.

येथे एका आज्ञेबद्दल स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे. अनेक ठिकाणी ‘सेटएक्स पाथ’ ही आज्ञा देऊन, पुढे टक्केचिन्हांत जुना पाथ व त्याला जोडून नवीन फोल्डर लिहायला सांगितलेले असते. ही आज्ञा किंमत 1024 अक्षरांवर तोडते, आणि त्याहून लांब असलेल्या पाथचा शेवटचा भाग कायमचा नाहीसा होतो. शिवाय संगणकाचा व वापरकर्त्याचा पाथ एकत्र करून तो वापरकर्त्याच्या विभागात कोंबला जातो, त्यामुळे संगणकाच्या पाथमधील प्रत्येक नोंद दुप्पट होते. पायथन किंवा गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) काल चालत होते आणि आज ‘इज नॉट रेकग्नाइज्ड’ असे उत्तर येते आहे, अशी तक्रार असेल तर मधल्या काळात ही आज्ञा दिली होती का, हे आधी विचारावे. पाथ नेहमी त्या खिडकीतूनच बदलावा.

तिसरी पायरी: जावा_होम दुरुस्त करणे

या व्हेरिएबलमध्ये जेडीकेच्या मुख्य फोल्डरचा पत्ता हवा, त्याच्या आतील ‘बिन’चा नव्हे. ग्रेडल त्या पत्त्यापुढे स्वतःच ‘बिन’ जोडत असल्याने, आपणही तो लिहिला की ‘बिन’च्या आत पुन्हा ‘बिन’ शोधला जातो आणि ‘इनव्हॅलिड डिरेक्टरी’ ही तक्रार येते. किमतीच्या शेवटी अर्धविराम, मोकळी जागा किंवा भोवती अवतरणचिन्हे ठेवू नयेत. पत्ता कॉपी करताना मागे चिकटलेली एक रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण काम अडवते. पत्ता खरोखर अस्तित्वात आहे का ते फाइल एक्स्प्लोररच्या पट्टीत चिकटवून पाहावे. टेमुरिनसारख्या जेडीकेच्या फोल्डरच्या नावात आवृत्तीचे सर्व आकडे असतात. सुधारित आवृत्ती बसली की ते नाव बदलते आणि हाताने लिहिलेला पत्ता जुन्या, आता नसलेल्या फोल्डरकडे बोट दाखवत राहतो.

कोणती आवृत्ती घ्यावी याचे उत्तर प्रोजेक्टवर अवलंबून असते. ग्रेडलला अँड्रॉइड ॲप बांधायला शिकवणाऱ्या अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या 7 या आवृत्तीला किमान जावा 11 आणि 8 या आवृत्तीला किमान जावा 17 लागते. उलट बाजूने, फार नवीन जावाही चालत नाही: ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्शन 65’ ही चूक आली तर वापरात असलेले जावा 21 आहे आणि प्रोजेक्टमधील ग्रेडल त्या मानाने जुने आहे, असा त्याचा अर्थ. हे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत: 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे 11, 61 म्हणजे 17 आणि 65 म्हणजे 21. जावा 21 वर चालण्याची सोय ग्रेडलमध्ये 8.5 पासून आली.

अँड्रॉइड स्टुडिओसोबत स्वतःचे जावा येते. विंडोजवर ते स्टुडिओच्या फोल्डरमधील ‘जेबीआर’मध्ये असते, आणि जुन्या आवृत्त्यांत त्या फोल्डरचे नाव ‘जेआरई’ होते. त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतील पत्ता आज सापडत नाही. जावा_होम याच फोल्डरकडे वळवणे सोयीचे असले तरी स्टुडिओ अद्ययावत झाला की जावाही त्यासोबत बदलते. 2024 च्या लेडीबग आवृत्तीसोबत जावा 21 आले, तेव्हा कोणतीही सेटिंग न बदलता अनेकांचे जुने प्रोजेक्ट बांधले जाईनासे झाले, त्याचे कारण हेच. जो विद्यार्थी एकच प्रोजेक्ट वर्षभर चालवणार आहे, त्याने जेडीके 17 स्वतंत्रपणे बसवून जावा_होम त्याकडे वळवणे अधिक सुरक्षित आहे.

‘स्टुडिओत चालते, टर्मिनलमध्ये चालत नाही’ ही तक्रार याच संदर्भात समजून घ्यावी. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये ग्रेडल जेडीके असा वेगळा पर्याय आहे आणि हिरवे बटण दाबल्यावर तोच वापरला जातो. प्रोजेक्टच्या ‘ग्रेडल.प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये ‘ओआरजी.ग्रेडल.जावा.होम’ अशी ओळ असेल तर ती जावा_होमवरही मात करते. मित्राकडून आलेल्या प्रोजेक्टमध्ये ही ओळ असली, तर तिच्यात मित्राच्या संगणकाचा पत्ता असतो.

चौथी पायरी: अँड्रॉइड_होम आणि एसडीके

एसडीके नेमके कोठे आहे हे तर्काने ठरवू नये. स्टुडिओतील एसडीके मॅनेजरमध्ये सर्वांत वर त्याचा पत्ता लिहिलेला असतो, तोच उचलावा. विंडोजवर तो सहसा वापरकर्त्याच्या फोल्डरमधील ‘ॲपडेटा\लोकल\अँड्रॉइड\एसडीके’ असा असतो, आणि ‘ॲपडेटा’ हे फोल्डर लपवलेले असल्याने ते शोधूनही सापडत नाही. मॅकवर तो ‘लायब्ररी/अँड्रॉइड/एसडीके’ येथे आणि लिनक्सवर घरच्या फोल्डरमधील ‘अँड्रॉइड/एसडीके’ येथे असतो.

अँड्रॉइड_होममध्ये हा पत्ता भरल्यावर पाथमध्ये ‘%अँड्रॉइड_होम%\प्लॅटफॉर्म-टूल्स’ आणि ‘%अँड्रॉइड_होम%\सीएमडीलाइन-टूल्स\लेटेस्ट\बिन’ अशा दोन नोंदी कराव्यात. ज्या विभागात अँड्रॉइड_होम आहे त्याच विभागातील पाथमध्ये या नोंदी असाव्यात, कारण वापरकर्त्याच्या विभागातील नाव संगणकाच्या पाथमध्ये उलगडत नाही.

कमांड-लाइन साधनांची झिप फाइल वेगळी उतरवणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते. ती उघडल्यावर ‘सीएमडीलाइन-टूल्स’ फोल्डर मिळते आणि त्यात थेट ‘बिन’ असते. पण त्या साधनांना मध्ये ‘लेटेस्ट’ नावाचे फोल्डर अपेक्षित असते. ते स्वतः तयार करून सर्व सामान त्यात हलवले नाही, तर ‘कुड नॉट डिटरमाइन एसडीके रूट’ अशी चूक येते. पाथमध्ये जुन्या ‘टूल्स\बिन’ची नोंद असेल तर ती काढून टाकावी, तेथील जुना एसडीकेमॅनेजर जावा 11 किंवा त्यापुढील आवृत्तीवर कोसळतो, कारण त्याला लागणारा एक्सएमएलचा भाग जावा 11 मध्ये वगळण्यात आला.

सर्व ठीक करूनही ‘एसडीके लोकेशन नॉट फाउंड’ हीच ओळ येत असेल, तर प्रोजेक्टमधील ‘लोकल.प्रॉपर्टीज’ ही फाइल उघडावी. तिच्यातील ‘एसडीके.डीआयआर’ ही ओळ अँड्रॉइड_होमच्या आधी वाचली जाते. ती चुकीची असल्यास पुसून टाकावी किंवा दुरुस्त करावी. विंडोजचा पत्ता तेथे लिहिताना प्रत्येक उलटी तिरपी रेघ दोनदा लिहावी लागते. ही फाइल गिटमध्ये टाकू नये, कारण तिच्यातील पत्ता त्या एका संगणकापुरताच खरा असतो.

मराठी नावांची अडचण

आपल्याकडे ही बाब वारंवार आढळते, म्हणून तिच्यासाठी चार ओळी अधिक खर्च करणे योग्य ठरेल. नवीन लॅपटॉप घेताना दुकानातच खाते तयार करून दिले जाते आणि त्याचे नाव कधी देवनागरीत, तर कधी मध्ये जागा सोडून ‘सांगली लॅब’ असे ठेवले जाते. एसडीकेचा नेहमीचा पत्ता याच नावाच्या फोल्डरमध्ये असतो, आणि एनडीकेसारख्या (सी व सी++ कोड बांधणाऱ्या) साधनांना पत्त्यातील रिकामी जागा किंवा इंग्रजीबाहेरील अक्षरे पेलत नाहीत. खात्याचे नाव सेटिंगमधून बदलले तरी फोल्डरचे नाव बदलत नाही, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी ‘सी:\अँड्रॉइड\एसडीके’ असे साधे फोल्डर करून एसडीके मॅनेजरमध्ये तो पत्ता द्यावा आणि अँड्रॉइड_होम त्याप्रमाणे बदलावे. ग्रेडलचा साठाही वापरकर्त्याच्या फोल्डरमध्येच असतो; ग्रेडल_युजर_होम या व्हेरिएबलने तो दुसरीकडे नेता येतो, आणि सी ड्राइव्ह भरत आलेल्या जुन्या लॅपटॉपवरही हा उपाय कामी येतो.

प्रोजेक्टच्या फोल्डरलाही हाच नियम लागू आहे. ‘हळद दर’ असे देवनागरी नाव दिलेल्या फोल्डरमध्ये विंडोजवर ॲप बांधायला घेतले, की पत्त्यात चालणार नाहीत अशी अक्षरे असल्याची तक्रार करून ग्रेडल थांबते. ही तपासणी बंद करण्याची सोय आहे, पण ती न वापरता फोल्डरचे नाव इंग्रजी अक्षरांत करावे. फोनवर दिसणारे ॲपचे नाव खुशाल मराठीत ठेवता येते.

पाचवी पायरी: सर्व खिडक्या बंद करून पुन्हा उघडणे

प्रत्येक प्रोग्रॅमला व्हेरिएबल्सची प्रत तो सुरू होतानाच मिळते आणि नंतर केलेला बदल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून जुना कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवीन उघडावा. स्टुडिओच्या किंवा व्हीएस कोडच्या आतील टर्मिनलचा केवळ टॅब बंद करणे पुरेसे नाही, कारण त्या टर्मिनलला मूळ प्रोग्रॅमकडूनच जुनी प्रत मिळते. संपूर्ण प्रोग्रॅम बंद करावा लागतो. त्यानंतर पहिल्या पायरीतील सर्व आज्ञा पुन्हा देऊन वहीतील उत्तरांशी ताडून पाहावे.

मॅक, लिनक्स आणि फ्लटर वापरणाऱ्यांसाठी

मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून झेडशेल हे मूळ शेल (टर्मिनलमधील आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) आहे, त्यामुळे ‘.बॅश_प्रोफाइल’मध्ये लिहिलेल्या ओळी वाचल्या जात नाहीत, त्या ‘.झेडएसएचआरसी’मध्ये लिहाव्यात. बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा सोडू नये आणि पाथ लिहिताना जुना ‘$पाथ’ जोडण्यास विसरू नये. तो राहून गेला तर ‘एलएस’सारख्या साध्या आज्ञाही सापडेनाशा होतात. तसे झाल्यास त्याच टर्मिनलमध्ये पाथची किंमत तात्पुरती ‘/यूएसआर/बिन:/बिन’ अशी करून फाइल दुरुस्त करावी. डॉकवरून उघडलेला स्टुडिओ ही फाइल वाचेलच याची खात्री धरू नये.

फ्लटर या ॲप बनवण्याच्या दुसऱ्या साधनसंचामध्ये जावा_होम बदलूनही काहीच फरक पडत नाही, असा अनुभव येतो. फ्लटर आधी स्टुडिओसोबतचे जावा पसंत करते आणि जावा_होमकडे नंतर वळते. ‘फ्लटर डॉक्टर -व्ही’ ही आज्ञा नेमके कोणते जावा आणि कोणते एसडीके वापरात आहे ते दाखवते. ते बदलायचे असेल तर ‘फ्लटर कॉन्फिग’ या आज्ञेला ‘--जेडीके-डीआयआर’ किंवा ‘--अँड्रॉइड-एसडीके’ हा पर्याय जोडून पत्ता द्यावा.

फोन जोडून पाहणे

अखेरची तपासणी म्हणून रिकामा प्रोजेक्ट तयार करून टर्मिनलमधून ‘ग्रेडलडब्ल्यू असेंबलडीबग’ ही आज्ञा द्यावी आणि फोन जोडून ‘एडीबी डिव्हायसेस’ पाहावे. पहिल्या वेळी ग्रेडल बरेच काही उतरवून घेते, त्यामुळे मोबाइल डेटावर काम करणाऱ्यांनी हे वायफाय असताना करावे. एडीबीचा सर्व्हर आणि क्लायंट यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत, असा संदेश येऊन फोन सारखा तुटत असेल तर संगणकावर एडीबीच्या दोन प्रती आहेत. ‘व्हेअर एडीबी’ने दिसणाऱ्या ओळींपैकी एसडीकेमधील प्रत ठेवून दुसरीची नोंद पाथमधून काढावी. फोनच्या नावापुढे ‘अनऑथराइज्ड’ असे येत असेल, तर मात्र व्हेरिएबल्सना हात लावू नये. फोनचे कुलूप उघडून पडद्यावर आलेल्या यूएसबी डीबगिंगच्या प्रश्नाला संमती द्यावी. यादी पूर्ण रिकामी येत असेल, तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू आहे का आणि वापरलेली केबल केवळ चार्जिंगची तर नाही ना, हे पाहावे.